कानबाईच्या गाण्यातली मोकळी जागा

गिटारवर वेग वाढवायचा तर आधी हळू वाजवायला शिकावं लागतं, हे मला धुळ्यात मोबाइलवरचे व्हिडिओ बघून कळलं. व्हिडिओचा वेग अर्ध्यावर आणायचा आणि वाजवणाऱ्याचं मनगट न्याहाळत बसायचं. तार छेडायच्या पिकचं नुसतं टोक तारेला लागलं पाहिजे, एकदा खाली, एकदा वर, आणि कोपर हलता कामा नये. माझा हात आधी भुईमुगाच्या शेंगा झोडपल्यासारखा चालायचा. मग मोबाइलवर ठेक्याची टकटक लावायची आणि ती थोडी थोडी वाढवत न्यायची. ऑफिसातून आलो की हेच. बायको म्हणायची, "गाणं कधी वाजवणार? टकटक ऐकून कान किटले माझे." मी म्हणायचो, आधी हात बसू दे.

आमचं गाव शिंदखेड्याजवळ. आई लवकर गेली, मला वाढवलं थोरल्या वहिनीनं. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, तेव्हा आमच्या भावकीत गाणी सुरू करायचा मान तिचा. गुडघे दाखवायला ती धुळ्याला आली होती, तेव्हा माझा सराव पायाला शेक घेत ऐकत बसायची. जाताना म्हणाली, "कानबाईले येशी तव गिटार लई ये. मी गाना म्हनसू, तू वाजाड."

मग काय विचारता. तिच्या गाण्यासाठी म्हणून मी वर्षभर बोटं झिजवली. हात असा पळायला लागला की माझा मलाच खरा वाटेना.

कानबाई बसली. नारळाला डोळे-नाक लावून, नथ घालून, चौरंगावर सजवली होती. पुतण्यांनी आरतीसाठी आणलेल्या स्पीकरला माझं गिटार जोडलं. वहिनीला माइक द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, तिला कधी लागलाच नव्हता. तिनं पहिली ओळ म्हटली आणि नेहमीसारखी थांबली. त्या थांबण्यात बाकीच्या बायका ओळ उचलतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या दिवशी मला ती नुसती रिकामी जागा दिसली आणि हात शिवशिवले. मी ती भरून टाकली. एक सूर इकडचा तिकडे झाला नाही. खरं सांगतो, इतकं स्वच्छ मी पुन्हा कधी वाजवलं नाही.

बायका ओळ उचलायची सोडून माझ्या हाताकडे बघत राहिल्या. पोरांनी मोबाइल काढले. वहिनीनं दुसरी ओळ धरली, ती माझ्या आवाजाखाली गेली. तिसऱ्या ओळीला तिनं नुसता श्वास घेतला, तेवढ्यात मी सुरू. मग तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायला लागली.

नंतर प्रसादाच्या रोटाचं ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "भलतं भारी वाजाडं रे भाऊ. मन्हं गानं तेवढं ऱ्हायी गयं." राहिलं तर राहिलं, पुढच्या वर्षी म्हणू, असं मी हसत म्हणालो. तीही हसली.

थंडीत ती गेली. दुपारी जेवून पडली, ती उठली नाही.

आता घरात तिचं गाणं कुणाला पुरं येत नाही. सुना म्हणतात, त्यांच्या कानात होतं, पण सुरुवात तीच करायची. म्हणून मी पुतण्यांकडून त्या दिवसाचे सगळे व्हिडिओ मागवले. सगळ्यांत माझंच मनगट. पहिल्या ओळीला कुणी मोबाइल काढलेलाच नव्हता, दुसऱ्या ओळीत नुसतं गिटार. एका व्हिडिओत तिसऱ्या ओळीआधी तिनं घेतलेला श्वास तेवढा ऐकू येतो.

तो व्हिडिओ मी अर्ध्या वेगावर लावून बघतो, शिकताना लावायचो तसा. तिचा श्वास जरा लांबतो. मग मीच सुरू होतो.