पाच लिटर खारं पाणी

मंडळी, आज मी सूड उगवला आणि जीव कसा गार झालाय!

गेल्या महिन्यात माणगावच्या एका दुकानदाराने मला छोटा, दणकट कॅमेरा विकला. "ताई, आपटा, पाण्यात बुडवा, काय व्हायचं न्हाय." खाडीत कालवं काढणाऱ्या बायकांचे फोटो काढताना तो गुडघाभर पाण्यात पडला आणि बंदच झाला. परत घेऊन गेले तर म्हणतो, "वॉटरप्रूफ म्हंजे गोड्या पाण्यात हो! खाऱ्याचं मी कुठं बोललो?" वर गिऱ्हाइकांसमोर मला हसला.

आज श्रीवर्धनच्या समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरलं, सोबत बादली घेतली आणि थेट त्याचं दुकान गाठलं. आजही गर्दी होती. बादली काउंटरवर ठेवून पाणी ओतलं आणि अगदी लाडात म्हटलं, "दादा, नवा कॅमेरा हवाय. जो तुम्ही स्वतःच्या हाताने यात बुडवाल, तो घेते."

त्याने एकालाही हात लावला नाही. माझ्या शेजारी उभ्या एका गिऱ्हाईक काकांनी हातातला कॅमेऱ्याचा खोका गुपचूप खाली ठेवला आणि ते निघून गेले. मग बाकीचेही.

बादली मी तिथेच सोडून आलेय. माणगावात कॅमेरा घ्यायला गेलात तर दुकानदाराला एवढंच विचाराल का, "ताईंची बादली कुठाय?"