टक् वाजलं की थांबायचं

नट किती आवळायचा हे मनगटाला आपोआप कळतं, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. मी मेकॅनिक नाही, सरकारी कचेरीतला बाबू. पण रविवार उजाडला की राजापेठेतल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या मोटारसायकली माझ्या अंगणात उभ्या असायच्या. नट आवळून झाला की मी आणखी एक झटका द्यायचो आणि म्हणायचो, "हा गाडीच्या नावानं." लोक माना डोलवायचे. काम फुकटात होत असल्यावर कोण वाद घालणार?

मग मुलीला अकोल्यात एका लॅबमध्ये नोकरी लागली. माझी मोटारसायकल तीच घेऊन जाणार होती. जायच्या पंधरा दिवस आधी तिनं एक लांबोडकी पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. आत टॉर्क रेंच होता, म्हणजे मुठीवर आकडे कोरलेला लांब पाना.

"पुस्तकात ज्या बोल्टाचा जो आकडा देला असन, तो इथं लावाचा. मुठीवर हात ठेवून हळूहळू ओढाचं. टक् वाजलं की थांबाचं. काम झालं की आकडा पुन्हा खाली आणून ठेवाचा, आन यानं नट खोलाचा नाई."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण तेच तं तुमाले जमाचं नाई, बाबा."

मला राग आला. ऑइल बदललं, इंजिनाखालचा बोल्ट पुसून बसवला, आकडा लावला आणि ऐटीत पाना ओढला. टक् वाजलं. माझा हात थांबला नाही. त्यानं सवयीनं आणखी एक झटका दिला, आणि तो गोड लागला म्हणून दुसरा. दुसऱ्याला बोल्ट एकदम हलका झाला आणि नुसताच फिरू लागला. इंजिनातले बोल्ट धरणारे आटे गेले होते.

"वाजलं होतं न? मंग काहून ओढलं?" मुलगी म्हणाली.

"ढिला राहिला असता तं?"

दारातून बायको म्हणाली, "याईले पंगतीत वाढाची सवय हाय, माय. त्या बोल्टालेही आग्रह करून राहिले."

हे मात्र खरं होतं. कौंडण्यपूरला आमच्या भाऊकीचं गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचं जेवण असतं, तेव्हा वांग्याच्या भाजीची बादली माझ्याकडे असते. पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला तरी मी बोटांच्या फटीतून भाजी वाढतो. एकदा एका व्याह्याच्या मनगटापर्यंत रस्सा गेला, तरी मी "घ्या हो, लाजू नका" म्हणतच होतो. आमच्याकडे पाहुण्याचं 'नको' ऐकायचं नसतं, ऐकलं तर तो उपाशी उठला असं समजतात. बिचारा बोल्ट त्याच्या भाषेत नको म्हणाला होता, आणि मी वाढलं.

लेथवाल्यानं नवे आटे पाडून दिले. पण मुलीनं निकाल देऊन टाकला, "आता माया गाडीले तुमी हात लावाचा नाई." मी हसलो, पण मला ते लागलं. पोरगी एकटी त्या ट्रकांच्या हायवेनं जाणार आणि गाडीत माझ्या हाताचं काहीच नसणार, हे मला सोसवेना.

शनिवारी तिनं चेन ताणली आणि मागच्या चाकाचा नट त्या पान्यानं आवळला. मग आईची लाल नेलपॉलिश घेऊन नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढली. मला वाटलं, पोरींची हौस. ती आत गेल्यावर मी माझा जुना पाना काढला आणि त्या नटाला एकच घास जास्त दिला.

रविवारी सकाळी ती चाकाजवळ उकिडवी बसली आणि तिनं हाक मारली. लाल रेघ मधोमध तुटली होती. नटावरचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा पुढे सरकला होता. रेघ कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं.

"मांजर असन," मी म्हणालो.

"मांजरीले चोवीसचा पाना कुठून भेटला, बाबा?"

आता बोलणी बसतील असं वाटलं. पण तिनं साध्या पान्यानं नट ढिला केला, चेन पुन्हा पाहिली आणि टॉर्क रेंच माझ्या हातात दिला. "तुमीच आवळा. मी बॅग भरून येतो," म्हणाली, आणि खरंच आत निघून गेली.

अंगणात मी एकटाच होतो. आकडा दोनदा पाहिला. मुठीवर हात ठेवून हळूहळू ओढत गेलो. टक् वाजलं. मनगट शिवशिवत होतं. ढिला राहिला तर, चाक डगमगलं तर, मागून ट्रक आला तर, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. मी उजवा हात पान्यावरून काढला आणि डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं. मग पान्याचा आकडा खाली आणून तो पेटीत ठेवला.

ती बॅग घेऊन बाहेर आली. मी नेलपॉलिशची बाटली पुढे केली. "घे, तपासून घे अन् रेघ मार."

तिनं चाकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी केलं न? मंग झालं," म्हणाली. वाकून माझ्या पाया पडली, हेल्मेट घातलं आणि गाडी सुरू केली.

एकदा तरी बघ गं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तोवर ती गल्लीच्या वळणावर पोचली होती. मी बाटली हातात धरून फाटकाशी उभा राहिलो. मला फार भीती वाटत होती, आणि इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.