शेवटची पेन्सिल

कॉलेजच्या तळघरात शिकवणाऱ्या बाई येणाऱ्या-जाणाऱ्यांना चेहऱ्यावरून कमी आणि चपलांवरून जास्त ओळखायच्या. वर्गाची एकुलती एक खिडकी फुटपाथच्या पातळीला होती ना! प्राचार्यांचे नवे बूट करकरतात, ही बातमी अख्ख्या कॉलेजात सगळ्यात आधी बाईंना लागली.

तिथे त्या मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला आणि हिशेब करायला शिकवत. ट्रकवाले, लॉन्ड्रीतल्या मावशी, नातवंडं झालेल्या आज्या. वर्गाचा नियम एकच: समजलं की पेन्सिल बाकावर आडवी ठेवायची, नाही समजलं तर हातात उभी धरायची. शेवटची पेन्सिल आडवी होईपर्यंत बाई पुढे सरकत नसत. भागाकारात म्हणे एकदा अख्खी सहामाही गेली. म्हणणारे अर्थात वरच्या मजल्यावरचे.

आणि बाईंना जायचं होतं ते त्याच वरच्या मजल्यावर. तळघरातली ओल छातीत उतरली होती. डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली होती. पण दरवर्षी बदली मागितली की प्राचार्य हात जोडत. "बाई, तुम्ही गेलात तर खाली कोण टिकणार?" कौतुक करायचं आणि बाहेरून कडी घालायची!

यंदा कसाबसा वरच्या वर्गावर एक नमुना पाठ पदरात पडला. तो प्राचार्यांना पटला तर बदली.

"अगं, ती पेन्सिलीची भानगड तेवढी घरी ठेवून जा," नवऱ्यानं बजावलं.

"ठेवते हो."

वर ऊन होतं, पंखे होते. विषय टक्केवारीचा. पाठ झकास रंगला होता आणि सवयीनं बाईंच्या तोंडून निसटलंच, "समजलं त्यांच्या पेन्सिली आडव्या, नाही त्यांच्या उभ्या!"

पोरांनी हसत आडव्या केल्या. मागच्या बाकावरचा एक दाढीवाला मात्र उभी धरून बसला.

"काय अडलं?"

"टक्के म्हणजे... कशाचे टक्के?"

वर्ग खिदळला. प्राचार्यांचे बूट करकरले. त्याला सोडून पुढे जायचं, एवढंच तर करायचं होतं! बाईंनी फळा पुसला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याची पेन्सिल आडवी झाली तेव्हा घंटा वाजत होती. निम्मा पाठ तसाच राहिला.

"बाई, तुमच्यासारख्या तुम्हीच," प्राचार्य म्हणाले. बाई काय समजायचं ते समजल्या.

"घरी ठेवली होतीस ना?" नवऱ्यानं विचारलं.

"ठेवली होती हो. मागून आली."

दुसऱ्या दिवशी तळघराच्या खिडकीशी अनोळखी बूट घुटमळले. मग दारात दाढीवाला उभा.

"इथे बसू का, बाई?"

"वर काय काटे टोचतात तुला?"

"वर कुणी थांबत नाही हो."

"मेल्या, तुझ्यापायी मी..." पुढचं खोकल्यात गेलं. बाईंना त्याला हाकलायचं होतं, अगदी मनापासून. पण तेवढ्यात ट्रकवाला सरकला, लॉन्ड्रीतल्या मावशीनं आपली जादा पेन्सिल त्याच्या हातात कोंबली. खिडकीबाहेरून ओळखीची करकर लांब लांब गेली.

"दार लाव," बाई म्हणाल्या. "आणि धर ती नीट. उभी."