दिलीपच्या तारखेला जिन्यानंच

फोन शोभावहिनींचा होता. "हे गेले, भाऊजी," आणि थोडं थांबून, "सोमवारी तारीख होती हो यांची..."

ठाकुर्लीत आम्ही शेजारी. वहिनींचा नवरा दिलीप साठम लिफ्टच्या देखभालीवर सुपरवायझर होता. कोलशेतच्या एका इमारतीत लिफ्टचं दार उघडलं, पण आत लिफ्ट नव्हती. एक माणूस खाली पडून गेला. "दुरुस्ती होईपर्यंत मी लिफ्टची वीज बंद करून आलो होतो, नंतर कुणीतरी ती चालू केली," असं दिलीप शेवटपर्यंत सांगत राहिला. कोर्टाला ते पटलं नाही. निष्काळजीपणाबद्दल एक वर्षाची कैद झाली. अपघातानंतर तो पुन्हा लिफ्टमध्ये चढला नाही.

नौपाड्यातल्या वकीलबाईंनी समजावलं, त्याच कोर्टाकडून शिक्षा स्थगित करून जामीन घ्यायचा, निकालाची प्रत काढायची आणि मुदतीत सत्र न्यायालयात अपील करायचं. दिलीपनं सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे वरच्या मजल्यावर जायचं," तो मला म्हणाला, "आणि लिफ्ट बंद." पुढची काही वर्षं तो तारखांना ठाण्याला जात राहिला. मी बहुतेक वेळा सोबत असे. कोर्टाचा जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, खिडकीपाशी, तो दम घ्यायला थांबायचा. कधी वकील नसत, कधी न्यायाधीश रजेवर... सुटलो नाही तरी चालेल, निदान ऐकून तरी घ्या, एवढंच त्याचं म्हणणं उरलं होतं.

शिक्षेनंतर सोसायटीनं गणपतीच्या कमिटीतून त्याचं नाव हळूच काढलं होतं. शोकसभेत त्याच सोसायटीच्या अध्यक्षांनी त्याला निष्कलंक ठरवलं, मागे भला मोठा फ्लेक्स. हा अधिकार त्यांच्याकडे आहे हे आधी कळलं असतं तर ठाण्याच्या खेपा वाचल्या असत्या.

वहिनींचा धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, आता कशाला? माणूसच गेला, केस आपोआप संपली."

"संपते," वकीलबाई फोनवर म्हणाल्या, "पण शिक्षा तशीच राहते. तीस दिवसांत जवळच्या नातेवाइकानं परवानगी मागितली, तर अपील पुढे चालतं." मी सही करायला तयार होतो. कायद्यात मित्र जवळचा धरत नाहीत.

"तेरावं तरी होऊ दे," दीर म्हणाला. "सुतकात कोर्टाची पायरी चढणार?"

"सुतक मला आहे. कोर्टाला नाही," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालून निघाल्या.

परवानगी मिळाली. गेल्या आठवड्यात पहिली तारीख होती. खाली लिफ्ट उभीच होती, मी बटणाकडे हात नेला, तोवर वहिनी जिन्याशी पोचल्या होत्या.

"यांच्या तारखेला जिन्यानंच, भाऊजी."

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, त्याच खिडकीपाशी, त्या थांबल्या. दम लागला होता. दिलीप इथंच थांबायचा, हे मी त्यांना सांगितलं नाही. वरून शिपायाचा पुकारा ऐकू आला... दिलीप साठम, दिलीप साठम.

वहिनींनी पदर सारखा केला. "चला," त्या म्हणाल्या, "यांना बोलावतायत."