कापडावरची जकात आणि दुबईतली बहीण

आम्ही कतारला, दोह्याला आलो तेव्हा माझी धाकटी बहीण आधीपासूनच दुबईत होती. नवऱ्याने इथली नोकरी घ्यावी की नाही यावर घरात बरेच दिवस चर्चा चालली, पण माझ्यापुरता प्रश्न एकाच गोष्टीने सुटला होता. दोन शहरांमध्ये विमानाने जेमतेम तासाचं अंतर. सुट्टी जोडून आली की ती यायची, नाहीतर मी जायचे. येताना ती तिकडच्या बाजारातली अळूची पानं ओल्या पंच्यात गुंडाळून आणायची आणि दारातूनच म्हणायची, "ताई, आधी ही फ्रिजमध्ये टाक, मग मला आत घे."

नवरा लुसैलला फुटबॉल वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर इंजिनिअर होता. मी अल गराफातल्या एका शाळेत वरच्या वर्गांना इतिहास शिकवायचे. अभ्यासक्रम अमेरिकन, मुलं कतारी, सीरियन, सुदानी, केरळी, आणि शिकवणारी नाशिकची.

मग एका रमजानमध्ये सकाळी उठलो, तर शेजारच्या देशांनी कतारशी संबंध तोडल्याची बातमी. जमिनीवरची एकुलती, सौदीकडची सरहद्द बंद, दुबईची विमानं बंद. दुकानातून सौदीचं दूध आणि ताक गेलं आणि थोड्याच दिवसांत तिथे तुर्की अक्षरांची खोकी आली. जो तो म्हणत होता, ईदपर्यंत मिटेल, इन्शाल्ला. बहीण ईदच्याच सुट्टीत येणार होती. तिकीट तिने रद्द केलं नाही, विमान कंपनीने केलं.

फोनवरून व्हिडिओ कॉल तिकडे लागत नसत. ती आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. सुरुवातीला त्यात सगळं असायचं, मुलाचा खोकला, सासूबाईंचा गुडघा, नव्या शेजारणीचा कुत्रा. नंतर तिचं बोलणं जपून येऊ लागलं. दोहा किंवा कतार हा शब्द ती घेईना. "तुमच्याकडे" म्हणायची. तिच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, उगाच काही बोलू नका, लिहू नका. मला कळत होतं, तरी तो "तुमच्याकडे" कानाला लागायचा. आमच्या घरात तुमच्याकडे हा शब्द सासरच्यांसाठी होता.

त्या वर्षी पावसाळा नसलेल्या त्या देशात उन्हाळा ओसरला आणि नववीच्या वर्गात जकातीचा धडा आला. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत उत्तरेला गिरण्या, दक्षिणेला कापसाचे मळे. बाहेरून येणाऱ्या मालावर केंद्राने जबर जकात बसवली. उत्तरेचा फायदा झाला, कारण परदेशी कापड महागलं आणि त्यांचं खपलं. दक्षिणेला मात्र तेच कापड चढ्या भावाने घ्यावं लागलं, शिवाय त्यांचा कापूस घेणारं इंग्लंड हात आखडता घेईल ही धास्ती. दरवर्षी मी वर्गाचे दोन भाग करून मुलांना भांडायला लावायचे. तसंच केलं.

उत्तरेकडून एक सीरियन मुलगा उठला. "बाहेरच्या कापडावर जकात नसेल तर आमच्या गिरण्या उभ्याच राहणार नाहीत."

"मग तुमच्या गिरण्यांसाठी आम्ही का महाग घ्यायचं?" दक्षिणेकडची एक केरळी मुलगी म्हणाली.

"देश एकच आहे ना आपला."

"एकच आहे तर फायदा एकाच बाजूला कसा?"

मी पुढचं सांगितलं. दक्षिणेतल्या एका राज्याने जाहीर केलं की केंद्राचा हा कायदा आमच्या हद्दीत चालणार नाही, तो मानायचा की नाही हा आमच्या राज्याचा हक्क आहे. राष्ट्राध्यक्षांनी सैन्याची भाषा केली. शेवटी तडजोड झाली, जकात टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलं. पण तोवर दोन्हीकडच्या लोकांना एक सवय लागली होती, प्रत्येक कायदा आपल्या बाजूचा की त्यांच्या, असा तपासायची. आणि राज्यांच्या हक्काच्या या बोलण्याखाली आणखी एक हक्क दडलेला होता, माणसं मालकीची म्हणून बाळगण्याचा. जकात उतरली तरी तो तसाच राहिला. कापूस वेचणाऱ्या त्या माणसांना या भांडणात कुणीच काही विचारलं नव्हतं.

खिडकीजवळच्या एका मुलीने हात वर केला. वडील कतारी, आई सरहद्दीपलीकडच्या अल अहसाची. पालकसभेला आई भेटली होती म्हणून मला ते माहीत होतं.

"मिस, ज्यांची आई एका बाजूची आणि वडील दुसऱ्या बाजूचे, ते कुठल्या गटात बसायचे?"

"पुस्तकात नाही दिलेलं," मी म्हटलं. "पण अशी घरं नक्की असणार."

"ते काय करत असतील?"

"मला वाटतं, जेवताना हा विषय काढत नसतील."

"आम्हीही नाही काढत," ती म्हणाली आणि वहीत बघू लागली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बहिणीचे जुने आवाज लावून बसले. ताजे नाही, जुने. ज्यांत ती मोठ्याने हसायची.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात आम्ही दोघी मस्कतला भेटलो. ओमानने कुणाशीच तोडलं नव्हतं, त्यामुळे तिथे दोन्हीकडची विमानं उतरत. हॉटेलातून समुद्र दिसत होता. तिने अळूची पानं आणली नव्हती, हॉटेलात काय करायची ती. आम्ही खूप बोललो आणि मग बोलणं संपल्यासारखं झालं, तेव्हा ती म्हणाली, "ताई, आम्ही कॅनडाला अर्ज केलाय."

"इतक्या लांब?"

"इथे जवळ राहून तरी कुठे भेटतेस तू?"

ती रागाने म्हणाली नव्हती. संध्याकाळी विमानतळावर तिचं गेट एका टोकाला होतं, माझं दुसऱ्या. वळताना तिने माझी ओढणी खांद्यावर नीट केली, लहानपणी मी तिची करायचे तशी. कोरोनाच्या जरा आधी ते लोक कॅलगरीला गेले.

सरहद्द उघडली तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती. जानेवारी होता, आम्ही सगळे मास्क लावून वर्गात बसत होतो. खिडकीजवळची ती मुलगी आता बारावीत होती. मधल्या सुट्टीत ती मुद्दाम वर्गात थांबली. आईला घेऊन ते सगळे गाडीने अल अहसाला जाऊन आले होते.

"आजीने ओळखलं ना?" मी विचारलं.

"ओळखलं. पण मिस, तिने पाहुण्यांचे कप काढले. मी तिच्या स्वयंपाकघरात न विचारता जायचे. या वेळी बाहेरच बसून राहिले."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी ती माझ्यावर ओरडली, कप तसाच टाकून उठले म्हणून. तेव्हा बरं वाटलं."

त्याच महिन्यात दुबईची थेट विमानं सुरू झाली. मला गरज नव्हती, तरी मी वेळापत्रक उघडून बघितलं. सकाळचं होतं, दुपारचं होतं, पूर्वीचं आमचं आवडतं संध्याकाळचंही होतं.

स्टेडियम पूर्ण झालं. वर्ल्ड कपच्या आधी एक मोठा सराव सामना ठेवला होता, नवऱ्याने मला कौतुकाने नेलं. मेट्रोतून उतरलो तर गर्दीत एक बाई हिंदीत रस्ता विचारत होती आणि मधेच आपल्या नवऱ्याला मराठीत दटावत होती. मी मराठीत उत्तर दिलं. तिला फार आनंद झाला. दुबईहून सामन्यासाठी आली होती, सकाळी निघाली, दुसऱ्या दिवशी परत. आम्ही बरोबरच स्टेडियमपर्यंत चालत गेलो. ती सोलापूरची निघाली, बोलकी होती, बोलताना माझ्या हाताला हात लावायची.

वेगळं व्हायच्या आधी ती म्हणाली, "या ना एकदा आमच्याकडे. आता किती जवळ झालंय."

"येईन," मी म्हटलं.

तिने नंबर दिला. मी तो फोनमध्ये घातला, नाव विचारायचं राहिलं म्हणून नावाच्या जागी "दुबई" लिहिलं, आणि नवऱ्यामागून पायऱ्या चढू लागले.