नोंदीत नाव ऑपरेटर बाईंचं

माझ्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं भांडलात. एक म्हणे, "सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना दाखवला तर चोरही वाचेल." दुसरी म्हणे, "झाकून ठेवला तर चूक कोण पकडेल?" मला पिंपळगाव बसवंतची एक केस आठवली. विसरणं शक्यच नाही. तेव्हा मी पोलिसात होते, आणि एका निर्दोष बाईला अटक करायला निघाले होते.

द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भर दुपारी एका खोलीचं कूलिंग बंद झालं. निर्यातीचा माल सडला. कूलिंग कुणी बंद केलं, याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदीत तिथल्या ऑपरेटर बाईंचं नाव होतं. मालकाने फिर्याद दिली.

"मॅडम, मी बटणाला हात बी लावला नाय. डबा खात होते," बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

मला वाटलं, मशीन कशाला खोटं बोलेल?

मग तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दुसऱ्या स्टोरेजच्या वायरमनचा फोन आला. "मॅडम, सॉफ्टवेअरचे कंपनीवाले त्यांच्या ऑफिसातूनच आमचं कूलिंग चालू-बंद करतात. नाव मात्र आमचंच पडतं."

कंपनीच्या इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, "कोड गुप्त आहे, म्हणूनच सुरक्षित आहे."

मी म्हटलं, "आमचा पंचनामा पंचांसमोर होतो, वाचून दाखवला जातो, मग सह्या. दार लावून केलेला पंचनामा कोर्टात टिकेल का?"

तो हसला. "मॅडम, हे द्राक्षाचे क्रेट मोजण्याइतकं सोपं नाही."

आमच्या सायबर शाखेच्या हवालदार बाईंनी शोध घेतला. त्या बंद सॉफ्टवेअरच्या पोटात एक भाग ओपन सोर्स होता, कुणीही वाचावा असा. त्याच्या जाहीर पानावर कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाने आधीच लिहून ठेवलं होतं: बाहेरून कुणीही शिरलं, तरी नोंदीत यादीतल्या पहिल्या वापरकर्त्याचं नाव पडतं. इथे ते नाव ऑपरेटर बाईंचं होतं. खाली दुरुस्तीही दिली होती, फुकट. कंपनीने ती घेतलीच नव्हती.

ते पान पुढे ठेवताच इंजिनिअरचा चेहरा उतरला. "टेस्टिंग करत होतो. कमांड चुकीच्या खोलीला गेली," तो म्हणाला.

चोरही तो कोड वाचू शकला असता, हे खरं. पण उघड्यावरची चूक कुणाला तरी दिसते, आणि तो सांगतो. झाकलेली चूक गरिबाच्या नावावर पडते. ज्याने पिंपळगाव नकाशावरही पाहिलं नसेल, त्याने आमच्या बाईंची अटक टाळली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा साक्षीदार मला दुसरा भेटला नाही.

बाई आजही तिथेच कामाला आहेत. आणि त्या माणसाची नोंद अजून त्या पानावर आहे; कुणीही वाचावी.