शेठनं काय आनलं गो

कुळगावच्या मागच्या पाड्यांत सगुणाबाईला कोणी सगुणाबाई म्हणत नसे. आत्या म्हणत, नाहीतर धवलारीण. तिकडच्या शेतकरी घरांत लग्नाला भटजी असो नसो, धवला गाणारी बाई हवीच. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही आणि अक्षता पडत नाहीत. आणि सगुणाबाईची जीभ म्हणजे काय विचारता! चाळीस वर्षं मांडवात बसून तिनं भल्याभल्यांची मस्ती उतरवली होती. नवऱ्याचा बाप तोंड फुगवून बसला, तर धवल्यातच त्याला असा सोलून काढी की बाबा हसत हसत पंगतीला येऊन बसे.

तिची स्वतःची एक पद्धत होती. आधी देवांची नावं, मग घरातल्या गेलेल्या माणसांची, मग पाहुण्यांची. ज्याचं नाव घेतलं त्यानं काय आणलं ते सांगायचं. 'मामा आला मांडवात, मामानं काय आनलं गो, काय आनलं?' मामा म्हणे, कळशी. मग पुढचं नाव. उत्तर येईस्तोवर ओळ हलायची नाही. मागून तीच ओळ झेलायला भागीरथी होती, तिची जन्माची सोबतीण. भागीरथीनं कधी स्वतःहून ओळ उचलली नव्हती. सगुणा म्हणेल ते म्हणायचं, पान खायचं आणि घरी जायचं.

पाड्याचं दुखणं पाण्याचं होतं. वरच्या अंगाला कारखाने आले, त्यातल्या कुठल्यातरी एकाचं सांडपाणी ओढ्यात सुटलं आणि विहिरीला घासलेटसारखा वास मारू लागला. भात शिजवला तरी वास जाईना. पंचाण्णवच्या निवडणुकीत शशिकांतशेठ दारोदार हात जोडत आला. 'सहा महिन्यांत दारात नळ!' लोकांनी त्याला नगरसेवक केला. दोन वर्षं झाली. नळाऐवजी टँकर आला, तोही शेठच्या मेहुण्याचा. आता मेहुण्याचा टँकर धावतोय तोवर नळ कशाला येतोय? एवढं कळायला काय शाळा शिकावी लागते?

सगुणाबाईनं आधी सगळं सरळ मार्गानं करून पाहिलं, हे सांगितलंच पाहिजे. कारण नंतर बरेच शहाणे म्हणाले, म्हातारीनं रीतसर जायला हवं होतं. अहो, गेली होती! शेठच्या ऑफिसला सात खेपा घातल्या. 'साहेब बाहेर आहेत.' अर्ज दिला, अंगठा दिला. अर्ज कुठं गेला? 'वर गेलाय.' जाहीर सभेत विचारायला उभी राहिली, तर कार्यकर्त्यांनी 'बस गं म्हातारे' म्हणून खांदा दाबून बसवली आणि माइकवाल्यानं गाणं लावलं. मग हा माणूस भेटायचा कुठं? लग्नात. मे महिन्यात दिवसाला दहा दहा लग्नं करायचा. गाडीतून उतरायचं, हार घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, पाकीट द्यायचं, की चालले पुढच्या लग्नाला.

आणि तिथं तर बोलायची चोरी. मांडवात पाय ठेवला तो पाहुणा. पाहुण्याचा अपमान म्हणजे मुलीच्या बापाचा अपमान. हे चाळीस वर्षं लोकांना शिकवलं कोणी? सगुणाबाईनंच!

सत्त्याण्णवच्या मेमध्ये तिचा भाचा हिरामण याच्या मुलीचं, गोदूचं लग्न निघालं. मुहूर्त चारचा. चार वाजून गेले, नवरानवरी समोरासमोर उभी राहिली, पण शेठचा पत्ता नाही. हिरामण घामाघूम होऊन आत्याच्या कानाशी वाकला.

"आत्ये, जरा लांबव. शेठ निघालाय."

"त्याच्यावाचून काय अडलंय?"

"तो नाराज झाला तं टँकर बंद होईल, आत्ये. लांबव गो."

तिनं लांबवलं. ज्या देवांना एरवी वर्षातून एकदा हाक मारायची, त्यांनाही बोलावून घेतलं. मांडव तापलेला. टँकरची दुसरी खेप आलीच नव्हती, पिंपं कोरडी ठणठणीत. गोदूचे ओठ सुकले होते. स्टेजच्या मागं बाटलीच्या पाण्याचा एक खोका ठेवलेला तिला दिसला. ती बापाला हळूच म्हणाली, "बाबा, एक घोट दे ना."

"थांब गो बाय," हिरामण म्हणाला, "ते शेठच्या मानसांसाठी हाय. शेठ येऊ दे."

सगुणाबाईनं हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरी तहानलेली, आणि पाणी झाकून ठेवलंय कोणासाठी? ज्यानं पाणी अडवलं त्याच्यासाठी!

पावणेपाचला गाडी आली. माइकवाला ओरडला, "आपले लाडके नगरसेवक!" शाल झाली, श्रीफळ झालं, हिरामणनं वाकून हार घातला. शेठ खुर्चीत टेकला. कुणीतरी बाटली फोडून त्याच्या हातात दिली आणि माइकवाल्यानं सगुणाबाईला खूण केली, साहेबांचं नाव घ्या.

नवरा गेल्यापासून धवला हेच तिचं घर आणि हाच तिचा मान. आज तोंड उघडलं तर उद्यापासून सुपारी बंद. मांडवात पाहुण्याला नागवं करणाऱ्या धवलारणीला कोण बोलावील? जाऊ दे, म्हणावं कळशी आनली, ताट आनलं, आणि मोकळं व्हावं. मग तिनं गोदूच्या ओठांकडं पाहिलं.

"शेठ आला मांडवात, शेठनं काय आनलं गो, काय आनलं?"

भागीरथीनं ओळ झेलली. शेठनं हसत पाकीट वर धरलं.

"पाकीट आनलं शेठनं, पाकीट पियाचं कसं गो, पियाचं कसं?"

बायका फिसकन हसल्या. शेठही हसला, त्याला वाटलं, थट्टा चाललीय. सगुणाबाईनं ओळ पुन्हा घेतली. "नल बोलला शेठ, नल कवा आनतो गो, कवा आनतो?" आणि तिथंच थांबली. पुढचं नाव घेईना. अक्षता मुठीत धरून लोक उभे.

शेठचं हसू उतरलं. "आजी, लग्नाच्या ठिकाणी राजकारण नको. ऑफिसला या, बसून बोलू."

"हापिसात तू नसतोस," सगुणाबाई गाणं सोडून बोलू लागली. "सभेत माईक तुजा. रस्त्यात गाडीची काच वर. तू मानसांत येतोस तो लग्नात, नायतर मयतात. आता मयतात इचारू काय तुला?"

"ए म्हातारे!" एक कार्यकर्ता पुढं झाला. "साहेब पाहुणे म्हणून आलेत. पाहुण्याशी असं बोलतात?"

"पाव्हना हाय? मंग माजंच चुकलं." ती गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली. "पाव्हना हायस ना शेठ? मंग सांग, लगीन कोनाचं हाय? नवरीचं नाव काय?"

शेठनं कार्यकर्त्याकडं पाहिलं, कार्यकर्त्यानं माइकवाल्याकडं. नवरी दोन हातांवर उभी होती. तिचं नाव शेठच्या पाठीमागं थर्माकोलच्या अक्षरांत हे एवढं मोठं लावलेलं. शेठनं मान वळवली, वाचलं आणि म्हणाला, "गोदावरी."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं नव्हतंच ते. गोदूनं मान खाली घातली.

हिरामणचा मात्र तोल गेला. "उतर!" तो ओरडला. "उतर मांडवातनं! माज्या पोरीच्या लग्नात माजी अब्रू घालवलीस!"

"आत्ये, चुकलं म्हन आनि बस खाली," एक म्हातारा कळवळून म्हणाला.

"चुकलं नाय," सगुणाबाई म्हणाली. तिनं पानाची चंची उचलली, कनवटीला खोचली आणि चालू पडली. कुणी अडवलं नाही.

ती डांबरी रस्त्यापर्यंत आली. एका वडाखाली ती टेकली. चाळीस वर्षांत लग्न अर्धं टाकून ती कधी उठली नव्हती. रडू आलं तिला, का नाही येणार? आणि तेवढ्यात मांडवातून आवाज आला. चिरका, सूर सुटलेला.

"नल बोलला शेठ, नल कवा आनतो गो, कवा आनतो?"

भागीरथी! जी जन्मात पहिली ओळ उचलत नव्हती, ती! एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिच्यामागं दहा बायका होत्या, मग पन्नास. मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज झाला आणि शेठची गाडी सगुणाबाईच्या समोरून धूळ उडवत गेली. काच वर होती.

मागोमाग हिरामण धावत आला, फेटा हातात. सगुणाबाई सावरून बसली; मारायला येतोय असंच वाटलं तिला. तो तिच्यासमोर मटकन जमिनीवर बसला.

"पोरगी अक्षता टाकू देत नाय. आत्या आली तं लगीन, नायतर नाय म्हनते." त्यानं डोळे पुसले. "मी त्याला वाकून हार घातला, आत्ये. न त्याला माज्या पोरीचं नाव मागं बघून वाचाया लागलं."

सगुणाबाईनं त्याचा फेटा घेतला, झटकला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला.

"गोदूनं पानी पिलं?"

"खोका फोडला बायांनी. सगल्यांनी पिलं." तो उठला, तिला हात दिला. दोघं मांडवाकडं चालू लागली. "पन उद्यापास्नं टँकर नाय येनार, आत्ये."

"नाय येनार."

"मंग करायचं काय?"

"येत्या रविवारी शेठच्या पोरीचं लगीन हाय ना? पत्रिका आलीय तुला?"

"घरोघर वाटल्यात."

"मंग जाऊ सगली. अख्खा पाडा, पाव्हनं म्हनून." सगुणाबाईनं पदर खोचला. "पन पोरीचं नाव पाठ करून जायचं, हिरामन. तिथं जाऊन वाचायचं नाय."